खालची अकरा

"अकरा म्हंजे खालची ना, मॅडम?"

ऋतुजाने हे विचारलं तेव्हा सिंधु बिराजदारच्या कानाला फोन होता. पलीकडून रक्तपेढीतला माणूस पेशंटचं नाव परत एकदा सांगा म्हणत होता. दारात नव्या पेशंटचं स्ट्रेचर येऊन थांबलं होतं. सातव्या खाटेवरची बाई "सिस्टर, सलाईन संपलं वो" म्हणून तिसऱ्यांदा हाका मारत होती. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि सिंधुची ड्यूटी दोनला संपलेली होती.

"हाव," सिंधु म्हणाली, आणि फोनमध्ये नाव सांगू लागली.

पुढे जे झालं ते या एका शब्दामुळे झालं असं म्हणणं कदाचित पूर्ण खरं नाही. पण ते खोटंही नाही.

लातूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाला चोवीस खाटा. त्या सप्टेंबरात डेंगीची साथ आली आणि पेशंट झाले एक्केचाळीस. ज्यांना खाट मिळाली नाही त्यांच्या गाद्या दोन खाटांच्या मधल्या फरशीवर पडल्या. त्यांना वेगळा नंबर कुठून आणणार? शेजारच्या खाटेचाच नंबर त्यांनाही लागला. अकराव्या खाटेवर असेल ती वरची अकरा आणि तिच्या बाजूला फरशीवर असेल ती खालची अकरा. वहीत नुसतं '११' लिहिलं तर वरची समजायची आणि खालची असेल तर '११ खा.' लिहायचं, ही पद्धत सिंधुनेच पाडली होती. आठ दिवसांत ती साऱ्या दवाखान्याची पद्धत झाली.

एक पाळी जाते, दुसरी येते, तेव्हा जाणारी सिस्टर येणारीला एकेक पेशंट समजावून सांगते. त्याला ओव्हर देणं म्हणतात. सिंधु मॅडमनी ओव्हर दिला म्हणजे परत बघायचं काम नाही, असं नव्या मुली एकमेकींना सांगायच्या. सव्वीस वर्षांत सिंधुच्या नावावर एक मेमो नव्हता. तिचा नवरा विरूपाक्ष शाळेत क्लार्क होता. त्याची बढती दोनदा हुकली होती, मुलगी हैदराबादला देऊन झाली होती, औशातला प्लॉट तसाच रिकामा पडला होता. या सगळ्यात सिंधुजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दुपारी दोन वाजता वहीखाली केलेली सही.

त्या दिवशी वरच्या अकराव्या खाटेवर औशाची एक बाई होती. तिला साखरेचा आजार. रिपोर्ट उशिरा आला म्हणून इन्सुलिन राहिलं होतं. सिंधुने वहीत लिहिलं, '११ – इन्सुलिन १२ युनिट, लगेच', आणि तोंडानेही तसंच सांगितलं. खाली फरशीवर होती किल्लारीची विठाबाई. तीन दिवसांचा ताप, आणि सकाळपासून पोटात दोन चमचे पेज.

ऋतुजा या वॉर्डात येऊन चारच दिवस झाले होते. ती ट्रे घेऊन गेली तेव्हा वरची खाट रिकामी होती, औशाच्या बाईला सोनोग्राफीला नेलं होतं. खाली विठाबाई डोळे मिटून पडली होती.

"आजी, अकरा का तुमी?"

"हाव," विठाबाई म्हणाली. तिला ग्लानी होती. तिला 'दिल्लीच्या का तुमी' म्हणून विचारलं असतं तरी ती हाव म्हणाली असती. आमच्या भागात हा शब्द कधी 'ऐकलं' म्हणून येतो, कधी 'जा आता' म्हणून, कधी नुसता हुंकार म्हणून. 'होय' या अर्थाने तो येतोच असं नाही.

चार वाजता विठाबाईला घाम सुटला. तिचा नवरा ग्यानोबा उशाशी बसून होता, सत्तरीचा, धोतर आणि बंडी घातलेला. तीन दिवस त्याने तापाने तापलेलं अंग पाहिलं होतं. आता ते ओलं झालेलं बघून त्याने हात जोडले. "उतरला," तो आजूबाजूच्यांना म्हणाला, "ताप उतरला म्हातारीचा." टॉवेलने तिचं तोंड, मान पुसत राहिला. ती बोलेना तेव्हा "झोपू द्या, तीन दिसांनी डोळा लागलाय" म्हणाला. खाली जाऊन त्याने पाच-सहा जणींना चहा आणला. औशाची बाई परत आली होती, तिलाही दिला. साडेपाचला डॉक्टर आले, त्यांनी विठाबाईची पापणी वर केली, बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि ओरडूनच ग्लुकोज मागितलं. साखर बावीस होती, सत्तरच्या खाली जाऊ नये ती.

हे सगळं सिंधुला दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मावशींकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. विठाबाई तेव्हा आयसीयूत होती.

दहा वाजता मेट्रननी दोघींना बोलावलं. सौदामिनी मॅडम मऊ बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा राग ओळखू येत नसे. त्यांनी वही पुढे ओढली.

"इथे अकरा लिहिलंय. 'खा' नाही. म्हणजे वरची. बरोबर?"

"बरोबर," सिंधु म्हणाली.

"मग ऋतुजा, तू खालचीला कसं दिलंस?"

"मी इचारलं होतं मॅडमना," ऋतुजा म्हणाली. "खालची ना, म्हणून. मॅडम हाव म्हणल्या."

"सिंधुबाई, हिने विचारलं होतं?"

सिंधुने वहीतल्या आपल्या अक्षराकडे पाहिलं. अक्षर नेहमीसारखं होतं, टपोरं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

ते तेव्हा खोटं होतं का, हे ती पुढे बरेच दिवस स्वतःला विचारत राहिली. फोन आठवत होता. स्ट्रेचर आठवत होतं. सलाईनवालीची हाक आठवत होती. त्या सगळ्याच्या मागे कोणीतरी काहीतरी म्हणालं होतं एवढंच होतं, आणि तेवढ्यावर हो कसं म्हणायचं? पण तेवढ्यावर नाही तरी कसं म्हणायचं?

ऋतुजाने तिच्याकडे एकदा पाहिलं. "ठीके मॅडम," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

चौकशी होईपर्यंत ऋतुजाने यायचं नाही असं ठरलं. अहवाल पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ट्रस्टींपुढे जाणार होता. तिचं नाव नर्सिंग कौन्सिलला कळवायचं की नाही, म्हणजे तिचं रजिस्ट्रेशन राहणार की जाणार, ते त्यावर ठरणार होतं. ती गेल्यावर सौदामिनी मॅडम म्हणाल्या, "नातेवाइकांना डॉक्टरांनी सांगितलंय, तापात साखर उतरली. ते काही खोटं नाही. तुम्ही वॉर्डात जा. पेशंट वाट बघताहेत."

पेशंट खरंच वाट बघत होते. सिंधुने त्या दिवशी अठ्ठावीस सलाईनं लावली.

आठव्या दिवशी विठाबाई आयसीयूतून वॉर्डात आली. आता तिला खाट मिळाली, सहा नंबरची. नाकात नळी, डोळे उघडे. ते पंख्याकडे लागलेले असायचे. पंखा बंद असला तरी तिकडेच. हाक मारली तर मान वळत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, आता यापुढे फारसा फरक पडणार नाही, घरी न्या.

ग्यानोबा सिंधुला बघून उठून उभा राहायचा. ते तिला नकोसं व्हायचं.

"बसा ना बाबा."

"न्हाई न्हाई. तुमी लई केलं सिस्टर. दुसऱ्या दवाखान्यात असती तर गेली असती म्हातारी." मग तो खाटेकडे बघून सांगायचा, "भूकंपात पहाटपासून दुपारपस्तोर दगडाखाली होती ही. आन् आतून बोलून राहिली, वो. मला शिव्या देऊन राहिली. येवढा येळ का लावता म्हून. त्या शिव्यांच्या आवाजावर आमी खणलं. तवा कोणाला गप करता आलं न्हाई हिला. आन् आता तापानं गप केलं बघा."

सिंधु नळी तपासायची, चादर सरळ करायची, आणि निघून जायची.

अहवालाच्या आठवड्यात नांदेडच्या नर्सिंग कॉलेजातून अपूर्वा नावाची मुलगी आली. एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा. विषय होता परिचारिकांमधील लवचिकता, कामाचा ताण आणि समाधान.

"लवचिकता म्हंजे?" औषधाच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या लुंबिनी सिस्टर म्हणाल्या. "वाकून फरशीवरच्या पेशंटला सुई टोचता येती का नाही, ते का?"

"तसं नाही मॅडम," अपूर्वा हसली. "म्हणजे संकटातून परत उभं राहणं."

"मंग ते बी तेच झालं की. वाकायचं आन् उठायचं."

सिंधुला हातातलं काम सोडवेना. ती म्हणाली, तू वाच, मी सांगते, तूच खुणा कर. ती सिरिंज मोजत होती, चार्टवर ताप चढवत होती, मध्येच मावशीला बेडपॅनचं सांगत होती. अपूर्वा वाचत होती आणि सिंधु उत्तरं देत होती. बरीच पानं झाली. मग अपूर्वा थांबली.

"मॅडम, एक विचारू?"

"हाव."

"'मी माझ्या नोकरीबद्दल पूर्ण समाधानी आहे' याला तुम्ही हाव म्हणालात. आणि 'ही नोकरी सोडून द्यावी असं मला वारंवार वाटतं' यालाही हाव म्हणालात. दोन्ही कसं लिहू?"

सिंधुचा हात चार्टवर थांबला. तिला दोन्ही प्रश्न ऐकल्याचं आठवत नव्हतं. एकही प्रश्न आठवत नव्हता. मुलीचा आवाज येत होता, तो संपला की आपलं तोंड उघडत होतं, एवढंच.

"मी किती वेळा हाव म्हणाले?"

अपूर्वाने पानं चाळली. "सगळ्यांनाच," ती जरा लाजून म्हणाली.

तेव्हा सिंधुला ते ऐकू आलं. इतके दिवस जे आठवत नव्हतं ते आठवलं असं नव्हे, ते कायम तिथेच होतं. ऋतुजाचा जरा घाबरलेला आवाज, 'अकरा म्हंजे खालची ना', आणि त्यावर आपला हाच शब्द, असाच, चालता चालता पायातली चप्पल सरळ करावी तसा.

"माझा फॉर्म फाडून टाक," ती अपूर्वाला म्हणाली. "तो खरा नाही."

त्या संध्याकाळी विरूपाक्ष जेवताना म्हणाला, "चार दिस झाले, भाजीत मीठ नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"कमी खावं म्हणतात मिठाचं."

तिने त्याला सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"ऋतुजाला. आणि मला."

"मग ऋतुजाला तर माहीतच आहे," तो म्हणाला. क्लार्कच्या सवयीने त्याने बाब निकालात काढली होती. जरा वेळाने स्वतःच म्हणाला, "पण तिचं कोणी ऐकलं नाही, नाही का?"

"नाही."

"मग लिहून दे. मुद्देसूद लिही. तारीख घाल."

सिंधुने लिहून दिलं. सौदामिनी मॅडमनी कागद वाचला, घडी घातली आणि तिच्याकडे परत सरकवला.

"सिंधुबाई, वही तुमच्या बाजूने आहे. हा कागद मी बघितला नाही."

"बघा मॅडम."

"तुम्हाला वॉर्डातून काढतील. स्टोअरला बसवतील, चादरी मोजायला. पाच वर्षं राहिलीत तुमची. नव्या मुली तुमचं नाव घेऊन शिकतात."

"म्हणून तर तिने मला विचारलं," सिंधु म्हणाली.

मेट्रननी कागद परत आपल्याकडे ओढला. मग त्यांनी कागदावर शिक्का मारला. "ट्रस्टींना देते. त्या मुलीचं नाव कौन्सिलला जाऊ नये असं बघते. पण पेशंटच्या नवऱ्याला काही बोलू नका. एवढं माझं ऐका."

सिंधुने मान हलवली. ती कशासाठी हलवली, तिचं तिलाच कळलं नाही.

ऋतुजा नांदेडला दुसऱ्या एका दवाखान्यात लागलीही होती. सिंधुने फोन केला तेव्हा पलीकडून ट्रॉलीची चाकं वाजत होती.

"लिहून दिलं ते चांगलं केलं मॅडम," ऋतुजा म्हणाली. "पण माझा राग गेला असं समजू नका."

"नाही समजत."

"मी घरी सांगितलं तर बाबा बी म्हणले, मॅडम कशाला खोटं बोलतील, तूच नीट ऐकलं नसंल. मला बी तसंच वाटाय लागलं होतं." पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. "ठेवते. इथं ओव्हर चालू आहे."

ट्रस्टींच्या बैठकीनंतरच्या शनिवारी विठाबाईला घरी न्यायचं होतं. सोमवारपासून सिंधुची बदली स्टोअरला. म्हणजे वॉर्डातली तिची ही शेवटची सकाळ होती. ग्यानोबाला नळीतून दूध कसं द्यायचं ते तिने दोन दिवस शिकवलं होतं. डोकं उशीवर उंच घ्यायचं, सिरिंजचा दट्ट्या काढायचा, नुसतं नळकांडं नळीला लावायचं, वीतभर वर धरायचं, थोडं थोडं ओतायचं. तो नांगर धरलेले हात जपून वापरत होता. पेल्यात दूध कोमट करून ठेवलं होतं. किल्लारीची जीप खाली येऊन थांबली होती.

"बाबा, एक सांगायचं होतं."

तो उठून उभा राहिला.

तिने बसा म्हटलं नाही. "त्या दिवशी आजीला एक इंजेक्शन दिलं, ते त्यांचं नव्हतं. वरच्या औशाच्या बाईचं होतं, साखरेचं. देणाऱ्या मुलीने मला विचारलं होतं, खालची का म्हणून. मी न ऐकता हाव म्हणाले. चूक माझी होती."

ग्यानोबा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, जणू ती अजून काही सांगणार आहे.

"म्हंजे ताप न्हवता?"

"ताप होता. पण तापानं हे झालं नाही."

वॉर्डात कोणीतरी खोकत होतं. लुंबिनी सिस्टर लांबून बघत होत्या, त्या वळून दुसरीकडे गेल्या.

"आन् तो घाम?" ग्यानोबाने विचारलं.

सिंधुने रात्रभर बरंच काही तयार करून ठेवलं होतं. माफी कशी मागायची, त्याने तक्रार करायची म्हटलं तर कुठे करायची, ओरडला तर कसं उभं राहायचं. घामाचं तिच्या मनात आलं नव्हतं.

"साखर उतरली की येतो," ती म्हणाली.

"मी पुशीत बसलो," ग्यानोबा म्हणाला. "दीड घंटा पुशीत बसलो मी. समद्यांला चहा पाजला."

"तुम्हाला कळणं शक्य नव्हतं, बाबा."

हे खरं होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

तो खाटेच्या कडेवर बसला. विठाबाईचा हात चादरीबाहेर होता, तो त्याने आत घातला, परत बाहेर काढला.

"आता सांगून हिला काही फरक पडंल का?"

"नाही."

"मंग कामून सांगितलं? मी गावात जाऊन सांगणार होतो, माणसं चांगली होती म्हून. दैवात होतं तेवढं झालं म्हून."

"तुम्ही रोज हात जोडत होता," सिंधु म्हणाली. "मला ते घेता येत नव्हतं."

ग्यानोबाने मान हलवली. रागाने नव्हे. एखादा हिशोब पटावा तशी.

"म्हंजे तुमच्यासाठी सांगितलं," तो म्हणाला.

खालून जीपवाल्याने हॉर्न दिला, मग आणखी एकदा. मावशी स्ट्रेचर घेऊन आल्या आणि दोघांकडे बघून दारातच थांबल्या.

"दूध राह्यलं," ग्यानोबा म्हणाला. "वाटंत पाजता यायचं न्हाई."

सिंधुने पेला उचलला. त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला, हिसकावून नाही, पण तिला बोटं सोडावी लागली एवढ्या जोराने. बायकोचं डोकं त्याने एका हाताने उचलून उशी दुमडून खाली घातली. दट्ट्या काढून बाजूला ठेवला. नळीचं टोपण उघडायला त्याला वेळ लागला, आणि सिंधुचा हात आपोआप पुढे झाला.

"सरका जरा, बाई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उजेड येऊ द्या."

ती खिडकी आणि खाट यांच्या मध्ये उभी होती. ती सरकली. त्याने नळकांडं वीतभर वर धरलं, थोडं दूध ओतलं, आणि ते खाली उतरेपर्यंत वाट बघत राहिला.